रोशाचं तेल, पण कुठल्या रोशाचं?

आश्विनात देऊळगाव राजाला बालाजीची यात्रा भरते, त्याच सुमाराला वऱ्हाड-खानदेशातल्या मुरमाड टेकड्यांवर रोशा गवत फुलावर येतं. तेलासाठी कापणी करायची ती तेव्हाच. निघंटूंतलं रोहिष ते हेच. सांधे धरले की रोशेल चोळायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. ओळखीचं तेल म्हणून आपण वैद्य-औषधविक्रेते बाटलीवरचं नाव वाचतो आणि पैसे मोजतो. घोटाळा त्या नावातच आहे.

रोशाचे प्रकार दोन, मोतिया आणि सोफिया. उभं पीक पाहून फरक सांगणं जाणकारालाही अवघड. पान चुरगळून नाकाशी धरलं तर मोतियाला गुलाबाचा वास येतो, सोफियाला आल्याची झाक. मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर वाढतो. सोफियाला ओल आणि सावली मानवते. मोतियाच्या तेलात साधारण 75 ते 90 टक्के जिरॅनिऑल. सोफियात ते फार कमी. तिथे लिमोनीन आणि पेरिलिल अल्कोहोलसारख्या घटकांचा भरणा. रानातून दोन्ही एकाच भाऱ्यात आले, की भट्टीतून काय उतरेल याचा भरवसा नाही.

या तेलाचा इतिहासही फार सोवळा नाही. मुंबई बंदरातून ते तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. मात्र 1871 मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनज्ञाने जिरॅनिऑल पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं, तेही भारतातून गेलेल्या गवती तेलातूनच. पुढे याच तेलात रॉकेल आणि टर्पेंटाइन मिसळू लागले. चोरावर मोर!

रॉकेल ओळखणं सोपं आहे. एक भाग तेल, तीन भाग 70 टक्क्यांचं अल्कोहोल; चांगलं तेल विरघळतं, रॉकेल असेल तर मिश्रण गढूळ होतं. सोफियाची मिसळ मात्र या परीक्षेत पकडता येईलच असं नाही. तिला गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. आणखी एक: जिरॅनिऑल काहींच्या त्वचेला सोसत नाही. युरोपात ठरावीक प्रमाणापुढे ते सौंदर्यप्रसाधनाच्या लेबलवर छापावं लागतं. आपणही आधी कोपराच्या आत थोडं लावून पाहावं, तेही तिळाच्या तेलात मिसळून.

यंदाची खरेदी तोंडावर आहे. विक्रेत्याकडे त्याच घाण्याच्या तेलाचा क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागा, त्यात जिरॅनिऑलचा आकडा पाहा. अहवाल नसेल, तर बाटली परत करा.