एमपीथ्रीसाठी पैसे कशाला मोजायचे?



कवितेची चाल रेकॉर्ड करून मुलांना पाठवणं आता नेहमीचंच झालंय. पण फाइल वेव्ह प्रकारातली असेल, तर सीडीच्या दर्जाला मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. तीच १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत बदलली की जेमतेम १ एमबी. डेटा जपून वापरणाऱ्या पालकांसाठी हा फरक फार मोठा आहे.

त्यासाठी कुणी विकतचा कन्व्हर्टर घेतं, कुणी क्रॅक केलेला. माझ्या मते दोन्हींची गरज नाही.

पूर्वी अडचण होती, हे खरं. एमपीथ्रीच्या तंत्रावर पेटंट होती. आवाज एमपीथ्रीत बदलणारा प्रोग्राम, म्हणजे एन्कोडर, विकणाऱ्या कंपन्यांना परवाना-फी भरावी लागे. म्हणूनच ऑडॅसिटी मोफत असूनही तिच्यासाठी ‘लेम’ हा एन्कोडर वेगळा डाउनलोड करावा लागायचा. पेटंटची मुदत सरली आणि २०१७ मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने ही परवाना-योजना बंद केली. आता लेम ऑडॅसिटीसोबतच येतो. फाइल उघडा, एक्सपोर्टमध्ये एमपीथ्री निवडा, झालं! मोबाइलवरच्या एमफोरए फाइलसाठी एफएफएमपेग वेगळं टाकावं लागतं, पण तेही मोफतच.

एक लक्षात ठेवा, नुसतं फाइलचं नाव बदलून प्रकार बदलत नाही.

मुलांना आपण ‘कॉपी करू नका’ म्हणतो. मग सरळ मार्ग फुकट मिळत असताना वर्गातल्या संगणकावर चोरीचं सॉफ्टवेअर कशाला हवं?