दारात की मैदानात?

मोर्चाला सरकार सहसा थेट नकार देत नाही, जागा तेवढी बदलून देतं. खरी मेख तिथेच असते.

२ मार्च १९६१. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया. कृष्णवर्णीय विद्यार्थी झायन बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमले आणि पंधरा-पंधराच्या तुकड्या करून विधिमंडळाच्या इमारतीकडे निघाले. आत अधिवेशन चालू होतं. वर्णभेदाविरुद्धचे फलक घेऊन मुलं बराच वेळ आवारात शांतपणे फिरली. बघे जमले, पण कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही. तरी पोलिसांनी फर्मावलं, पंधरा मिनिटांत पांगा. मुलं पांगली नाहीत. पाय आपटत, टाळ्या वाजवत त्यांनी गाणी म्हटली, त्यांत अमेरिकेचं राष्ट्रगीतही होतं. गुन्हा लागला शांतताभंगाचा! १८७ जण दोषी ठरले. कुणाला दहा डॉलर दंड किंवा पाच दिवस कैद, कुणाला शंभर डॉलर किंवा तीस दिवस.

'एडवर्ड्स विरुद्ध साउथ कॅरोलायना' या खटल्यात २५ फेब्रुवारी १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी या शिक्षा रद्द केल्या. सरकारच्या दारात जाऊन गाऱ्हाणं मांडणं हे नागरिकाच्या हक्काचं अस्सल रूप आहे, असा न्या. पॉटर स्ट्युअर्ट यांच्या निकालपत्राचा रोख होता.

पण पुढे तेच न्यायालय बिचकलं. फ्लोरिडात तुरुंगाच्या आवारात निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांची शिक्षा १९६६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कायम झाली. खासगी मालकाप्रमाणे सरकारही आपली जागा ठरलेल्या कामापुरती राखून ठेवू शकतं, असं न्या. ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं. मला हे पटत नाही. त्या जागेचा मालक कोण, हाच तर वाद आहे.

आपल्याकडे हा वाद न्यायालयाआधी पोलीसच मिटवतात. मुंबईत मोर्चा आझाद मैदानात थांबतो, नागपुरात अधिवेशनाच्या वेळी रस्त्यावरच्या कठड्यांशी. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, फोटो निघतो. बाकीचे उन्हात. यावर सुरक्षेचं कारण सांगितलं जातं. ते सांगणाऱ्यांनी २३ नोव्हेंबर १९९४ आठवावा. नागपुरात गोवारी मोर्चातली ११४ माणसं चेंगराचेंगरीत मेली, ती पोलिसांनी मोर्चा रोखून धरला होता तिथे. विधानभवनाच्या दारापर्यंत ती पोचलीच नव्हती.

म्हणून मागणी साधी आहे. अधिवेशनकाळात विधानभवनाच्या फाटकासमोर ठरावीक मोर्चेकऱ्यांना रोज ठरावीक वेळ उभं राहू द्यावं. संख्या हवी तर पोलिसांनी ठरवावी. आमदारांच्या गाड्या मात्र त्यांच्यासमोरूनच आत जायला हव्यात.