नाबोथाचा मळा आणि सोलापूरच्या पेठा

सोलापूरच्या जुन्या पेठांत एखादा माळवदी वाडा पाडला जातो आणि त्या जागी अपार्टमेंट उभे राहू लागते, तेव्हा पहिली वीट बसण्याआधी फलक लागतो. त्यावरचा मजकूर ठरलेला असतो : बाजारपेठ पाच मिनिटांवर; मंदिर, वाचनालय व नाट्यगृह हाकेच्या अंतरावर. या मजकुरात खोटे काही नाही. आमची तक्रार वेगळीच आहे. सिमेंट, लोखंड आणि फरशी विकणाऱ्याची असेल. पण 'जवळ' हा शब्द त्याने कोठून आणला?

बाळीवेस, टिळक चौक, मंगळवार पेठ, मधला मारुती या भागातून सकाळी एक फेरी मारावी. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत भाव होत असतो. तळाला दुकान आणि वर बिऱ्हाड ही येथली जुनी रीत आहे. संक्रांतीच्या दिवसांत उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यापासून सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात, ते याच जुन्या वस्तीतून. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. चार समाजांतले चौघे, पण गाव एक. ज्या नाट्यगृहाचे अंतर फलकावर अभिमानाने छापले जाते, त्या हुतात्मा स्मृतिमंदिराचे नाव त्यांच्यावरून पडले आहे. ही जवळीक कोणत्याही बिल्डरने बांधलेली नाही. पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहिलेल्या माणसांनी ती घडविली आणि तिचे मोलही तेच चुकते करीत आले.

आम्ही वाड्यांचे भक्त नव्हे. गळणारे माळवद, दहा बिऱ्हाडांत एक संडास, अंधारा जिना आणि पाण्यासाठी रात्रीचे जागरण यांचे गोडवे गाणारे लोक बहुधा तेथे राहत नसतात. वाड्यांतही सोवळेओवळे होते आणि प्रत्येक जातीला प्रत्येक वाड्याचे दार उघडे नव्हते, हे ख्रिस्ती माणसाने तरी विसरू नये. मालकाचीही अडचण आम्ही जाणतो : जुन्या भाड्यात वर्षाचा चुनादेखील येत नाही, मग दुरुस्ती कशी व्हावी? म्हणून अपार्टमेंट होऊ नयेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमचा प्रश्न एवढाच की, नव्या इमारतीत परत कोण येतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शहराबाहेर कुंभारीकडे पाहावे लागते. तेथील माळावर रे नगर वसले आहे. तीस हजार घरांच्या या वसाहतीतील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कष्टकऱ्यांना देण्यात आली. विडी वळणाऱ्या स्त्रिया, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक हे त्या घरांचे मालक झाले. त्यामागे कामगार संघटनांचा दीर्घ लढा आहे आणि त्याला आमचा मनापासून नमस्कार आहे. ज्याने आयुष्यभर भाड्याच्या खोलीत दिवस काढले, त्याला हक्काचे छप्पर म्हणजे काय हे विचारावे. पण ती घरे शहरापासून दूर माळावर आहेत. बाजार, दवाखाना, नात्यागोत्याचा शेजार शहरातच राहिला. रोजच्या मजुरीतून येण्याजाण्याचे भाडे आता वजा होते. म्हणजे हिशेब असा झाला : ज्यांच्या कष्टावर या शहराची चादर, विडी आणि बाजार उभा राहिला, त्यांना घर मिळाले ते जवळीक गमावून; आणि ज्यांच्यापाशी पैसा आहे, त्यांना तीच जवळीक चौरस फुटांच्या दराने विकत मिळते. हा हिशेब आम्हांला मान्य नाही.

पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा वाचकांना ठाऊक आहे. त्याचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाब राजाला तो हवा होता, आणि तोही केवळ जवळ आहे म्हणून. राजा सुरुवातीला अन्यायाचे काही बोलला नाही. त्याने अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथाने नकार दिला, कारण वाडवडिलांच्या वतनाचा मोबदला असू शकत नाही, असे तो मानीत होता. मग ईजबेलीने खोटे साक्षीदार उभे केले आणि पुढचा रक्तपात झाला. कोणी म्हणेल, नाबोथ मालक होता; पेठेतला भाडेकरू कुठे मालक आहे? खरे आहे. पण तीन पिढ्या एका गल्लीत राहून, तेथल्या दुकानाला गिऱ्हाईक, यात्रेला हात आणि आजाऱ्याला शेजारी पुरविणाऱ्या माणसाचे त्या गल्लीत काहीच वतन नाही, असे परमेश्वरासमोर म्हणण्याचे धैर्य कोणाला आहे?

कायदाही अगदीच मुका नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार पुनर्बांधणीसाठी घर रिकामे करून घेणाऱ्या मालकाला जुन्या भाडेकरूची नव्या इमारतीत सोय करण्याची जबाबदारी घ्यावी लागते. प्रत्यक्षात मात्र हातावर रक्कम ठेवून, थकवून, आधी छप्पर मोडू देऊन भाडेकरू वाटेला लावला जातो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात गरिबांच्या वस्त्या उखडण्यापेक्षा सुधाराव्यात आणि स्थलांतर अटळच असेल तर त्या लोकांना निर्णयात सहभागी करून घ्यावे, असा आग्रह धरला. आमच्या शहरात असा सहभाग कोणी मागितला आहे काय?

आता थोडे घरचे. आपल्यातील शिकलेसवरलेले लोकही फ्लॅट घेत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सोसायटीच्या सभेत भाडेकरूचे आडनाव, धर्म आणि स्वयंपाकघर यांची चौकशी होते, तेव्हा आपण काय बोलतो? घर शोधताना स्वतः हा अपमान गिळलेला ख्रिस्ती माणूस मालक झाल्यावर त्याच फाटकाआड गप्प बसतो, हे आम्ही पाहिले आहे. भाजीवालीला आत येण्यास मनाई करणाऱ्या ठरावावर त्याचीही सही असते. मग बाजार पाच मिनिटांवर असून उपयोग काय?

महापालिकेने डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०-१९४२) यांचे घर स्मारक म्हणून जपले, हे उत्तम झाले. पण स्मारकाच्या पायरीवर संध्याकाळी कोणी शेंगा निवडत बसत नाही. पेठ जगते ती माणसांनी. म्हणून आमची मागणी साधी आहे. वाडा पाडणाऱ्याने आधी त्यातील प्रत्येक बिऱ्हाडाला परतीचा लेखी करार द्यावा. महापालिकेने तो पाहिल्याखेरीज बांधकामाची परवानगी देऊ नये. तळमजल्याची दुकाने रस्त्याकडे तोंड करून उघडी राहावीत. आणि आपल्यापैकी जो कोणी तेथे फ्लॅट घेईल, त्याने पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारावा : या जागेवर पूर्वी कोण राहत होते आणि ते आज कोठे आहेत? उत्तर मिळाले नाही, तर आपण नाबोथाच्याच मळ्याचा भाव करीत आहोत, हे ओळखून मागे फिरावे.