‘बायकांचे मासिक’ आणि चळवळीचा हिशेब

३० जानेवारी २०२० रोजी पुण्यात विद्या बाळ यांचे निधन झाले. त्यानंतर जे मृत्युलेख आले त्यांत ‘सौम्य’, ‘मृदुभाषी’, ‘सर्वांच्या ताई’ ही विशेषणे मुक्तहस्ताने वापरलेली होती. त्यांत खोटे काही नव्हते. परंतु एखाद्या संपादकाच्या कामाचा हिशेब चुकवायचा असेल, तर त्याच्या स्वभावाचे गुणगान करणे हा सर्वांत सोयीचा मार्ग असतो. पुरोगामी म्हणवणाऱ्या वर्तुळात तर त्याहून गंभीर प्रकार चालतो. तेथे विद्याताईंना आदराने नमस्कार केला जातो आणि लगेच सांगितले जाते की हे सारे शहरी, मध्यमवर्गीय बायकांचे काम. खरी लढाई शेतात आणि कारखान्यात आहे. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी हे वाक्य इतके रुळले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला वाटत नाही.

ती तपासणी मालकीपासून सुरू केली पाहिजे. लोखंडी नांगर करणाऱ्या एका कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढले आणि त्याच घराण्याने १९३० मध्ये ‘स्त्री’ सुरू केले. शंकरराव किर्लोस्करांची सुधारकी दृष्टी नाकारण्याचे कारण नाही; त्या मासिकाने मराठी मध्यमवर्गातल्या दोन पिढ्यांना विचार करायला लावले. तरीही मासिक भांडवलाच्या मालकीचे होते. अर्थशास्त्राच्या पदवीधर असलेल्या विद्याताई १९६४ मध्ये तेथे संपादक विभागात रुजू झाल्या. त्या ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर यांची नात, आणि १९७४ मध्ये पुणे महापालिकेच्या निवडणुकीत जनसंघाच्या उमेदवार होत्या. त्या पडल्या, हा भाग वेगळा. अशा घरातून आणि अशा पक्षातून निघालेली बाई पुढील दहा वर्षांत कोठे पोचली याचे कुतूहल ज्यांनी आयुष्यभर एकच झेंडा धरला त्यांना तरी वाटायला हवे. तिला तेथपर्यंत नेले ते वाचकांच्या पत्रांनी आणि डोळ्यांसमोरच्या घटनांनी.

१९८३ मध्ये त्या ‘स्त्री’च्या संपादक झाल्या आणि १९८६ मध्ये बाहेर पडल्या. बावीस वर्षांच्या श्रमांतून उभा राहिलेला वाचकवर्ग, लेखकवर्ग, वर्गणीदारांची यादी आणि मासिकाचे नाव यांपैकी काहीही संपादकाला बरोबर नेता येत नाही. कामगार यंत्र घरी नेऊ शकत नाही, तसेच हे आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढले, तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती. मागे उद्योगसमूह नव्हता, पक्षही नव्हता. जे नियतकालिक मोठ्या जाहिरातदाराच्या भरवशावर चालते त्याला जाहिरातीतली सुखी गृहिणी जपावीच लागते. जे वर्गणीवर चालते त्याला तिला प्रश्न विचारता येतो. चळवळीच्या मुखपत्रांना पैशांची चणचण कधी चुकलेली नाही. त्यांनी तरी या उद्योगाला छंद म्हणू नये.

आता ‘शहरी’ या आक्षेपाकडे वळू. १९८२ च्या जून महिन्यात पुण्यात मंजुश्री सारडा या तरुणीचा सासरी मृत्यू झाला. ती बीडची मुलगी. खटल्यात पतीला खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याला निर्दोष सोडले. न्यायालयाचा निर्णय हा न्यायालयाचा. पण मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुराव्यात होती. मनातले सारे खासगी पत्रात कोंबावे लागते, याचा अर्थ ते बोलायला दुसरी जागा नव्हती. विद्याताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन उभे केले आणि पुण्याबाहेरही नेले. बीडच्या माहेराचे आणि पुण्याच्या सासरचे हे दुःख ग्रामीण मानायचे की शहरी, हे आक्षेप घेणाऱ्यांनीच ठरवावे.

त्याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला माणसे जातात. नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजली जाते, आणि मुकादमाची उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई खोपीवर परतल्यावर भाकऱ्याही थापते. त्याचा तर कोठे उल्लेखही नाही. बाईचे श्रम घराच्या हिशेबात विरघळवून टाकण्याची ही रीत सदाशिव पेठेत आणि केज-धारूरमध्ये एकच आहे. हप्त्यावर वॉशिंग मशीन घेतल्याने ती बदलत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. एखाद्या दिवशी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के आढळले, पुरुषांचे २६.१ टक्के. जे करतात त्यांची सरासरी काढली तर स्त्रियांची २९९ मिनिटे, पुरुषांची ९७. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत, स्त्रियांची मिनिटे २८९ वर आली आणि पुरुषांची ८८ वर. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापनात या मिनिटांना स्थान नाही. वरकड मूल्याचे पाठ देणाऱ्यांच्या अभ्यासवर्गातही क्वचितच असते.

याचे कारण सैद्धांतिक नाही, व्यावहारिक आहे. पूर्णवेळ कार्यकर्ता ही संस्था कशावर उभी राहिली? पक्षाच्या मानधनावर कोणाचेही घर चालले नाही. ते चालले शाळेत शिकवणाऱ्या किंवा दवाखान्यात नोकरी करणाऱ्या पत्नीच्या पगारावर, आणि तीच घरी येऊन रात्री अपरात्री आलेल्या साथींसाठी पिठले-भात टाकत होती. त्यागाची गाथा एकाच्या नावावर लिहिली गेली. विद्याताईंनी घराच्या उंबऱ्याआतील सत्ता हा राजकारणाचा विषय केला तेव्हा अस्वस्थता वाटली ती या ठिकाणी. त्यांच्या वाचकवर्गाला मध्यमवर्गीय म्हणून हिणवणारे बरेचसे पुढारी त्याच वर्गातले होते, हेही नमूद केलेले बरे.

या प्रवाहावर एक टीका मात्र रास्त आहे, आणि ती दलित स्त्रियांनी केली. त्यांच्या अनुभवाला त्यात पुरेशी जागा मिळाली नाही. १९९५ मध्ये त्यांनी आपला स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ उभारला तो याच जाणिवेतून. जोतीरावांच्या सत्यशोधक परंपरेत वाढलेल्या तानुबाई बिर्जे पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधू’चे संपादन १९१२ पर्यंत करीत होत्या. स्त्री-संपादकांचा इतिहास सांगताना किती जणांना त्यांचे नाव आठवते? ही उणीव दाखविण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांनी ती दाखवली. परंतु त्यांच्या टीकेचा आडोसा करून घरच्या चुलीचा प्रश्न टाळणाऱ्यांना तो अधिकार पोचत नाही.

शिंगणापूरच्या चौथऱ्याबाबतही तसेच झाले. १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याचा आधार घेऊन विद्याताई आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने कायद्याची अंमलबजावणी करण्यास शासनाला बजावले आणि आठवडाभरात चौथरा स्त्रियांना खुला झाला. त्या वेळी एकोणऐंशी वर्षांच्या या बाईवर धर्ममार्तंड तुटून पडले ते समजण्यासारखे होते. ‘देवळात जाऊन काय मिळणार’ असे विचारणारे पुरोगामीही निघाले. काळाराम मंदिरापुढे १९३० साली सत्याग्रह झाला तेव्हा हाच प्रश्न विचारणारे होते, आणि त्यांना उत्तर मिळालेले आहे.

मराठवाड्यातल्या चळवळीने विद्याताईंच्या नावाने व्याख्यानमाला भरवावी, तसबीर लावावी, हरकत नाही. पण आधी आपल्या साप्ताहिकांच्या वर्गणीदारांची यादी काढून किती अंक बायकांच्या नावाने जातात ते मोजावे. आणि पुढच्या शिबिरात गट-चर्चेच्या वेळापत्रकाशेजारी स्वयंपाकाच्या पाळ्यांचे वेळापत्रक लावावे, त्यात जिल्हा कार्यकारिणीच्या पुरुष सदस्यांची नावे वरती असावीत.