येणे सर्वांचे, देणे कोणाचे?

निवडणुकीत हरणे ही पक्षाच्या आयुष्यातील आपत्ती नव्हे. हरलेला पक्ष पाच वर्षांनी पुन्हा उभा राहतो. कित्येकदा हरण्याने त्याचे भलेच होते. पक्ष फुटणे ही गोष्टही आपल्याकडे आता नवलाची राहिलेली नाही. परंतु फुटलेला पक्ष जेव्हा हरतो, तेव्हा त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. आपण फुटलो म्हणून हरलो, की मुळातच काही पोखरलेले होते म्हणून फुटलो आणि हरलोही? बहुतेक पक्ष या प्रश्नाला हात न लावता पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागतात.

महाराष्ट्राने हे अगदी अलीकडे पाहिले. 2022 च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, 2023 च्या जुलैत राष्ट्रवादी काँग्रेस. 2024 च्या लोकसभेत दोन्ही पक्षांच्या मागे राहिलेल्या गटांनी काँग्रेससह अठ्ठेचाळीसपैकी तीस जागा जिंकल्या आणि फूट पचली असे त्यांना वाटले. सहा महिन्यांच्या आत, 23 नोव्हेंबरला, विधानसभेच्या 288 जागांपैकी या तिघांच्या वाट्याला अवघ्या 46 आल्या. शरद पवारांच्या पक्षाने 86 जागा लढवून दहा जिंकल्या. त्या दहांपैकी माळशिरस, माढा, करमाळा आणि मोहोळ या चार जागा एकट्या सोलापूर जिल्ह्यातील! राज्यात सुतक आणि अकलूज परिसरात गुलाल, असा विचित्र प्रकार आम्ही पाहिला. त्यातच माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीने 3 डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले, प्रशासनाने ते होऊ दिले नाही, आणि एवढ्याशा गावाचे नाव देशभर झाले. शंका आली तर ती तपासून मागण्याचा हक्क लोकांना आहेच. पण यंत्रावर बोट ठेवल्याने पक्षाची स्वतःची वही तपासायचे काम टळत नाही.

ही वही म्हणजे काय, ते माझ्या जुन्या व्यवसायाच्या भाषेत सांगतो. भागीदारीच्या दुकानात भांडण झाले आणि तसे पत्र बँकेत आले, की आम्ही प्रथम खात्याचा व्यवहार थांबवीत असू. मग भागीदार येत. दुकानाची पाटी कोणाची, जागा कोणाची, उधारीवर गेलेल्या मालाची वसुली कोणी करायची, यावर तासन्‌तास वाद चाले. सगळे तावातावाने बोलत. मात्र ‘कर्ज कोण फेडणार?’ असे विचारले की टेबलावर शांतता पसरे. 1932 चा भागीदारी कायदा सांगतो की आधी बाहेरच्यांचे देणे द्या, मग उरेल ते आपापसांत वाटा. माणसाचा स्वभाव नेमका उलटा आहे. येण्याला सगळे वारस, देण्याला कोणी नाही.

पक्षांचेही तसेच होते. नाव, चिन्ह, कार्यालय, संस्थापकाचे छायाचित्र, सगळ्यांवर दावे लागतात. पण पंधरा-वीस वर्षे गावोगाव दिलेली आश्वासने कोणाच्या वाट्याला गेली? कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी देऊ म्हणून ज्याने सांगितले, तो आज कोणत्या गटात आहे, हे टोकावरच्या शेतकऱ्याला ठाऊक असते. ते आश्वासन कोणत्या गटाने उचलले, हे मात्र त्याला कोणीच सांगत नाही.

दावा लागला की प्रकरण निवडणूक आयोगाकडे जाते. 1969 साली काँग्रेस फुटली, तेव्हापासून हा रस्ता मळला आहे. सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये बहुमताची कसोटी मान्य केली. बहुमत दोन ठिकाणी मोजता येते. विधिमंडळात आणि संघटनेत. शिवसेनेच्या बाबतीत फेब्रुवारी 2023 मध्ये आणि राष्ट्रवादीच्या बाबतीत फेब्रुवारी 2024 मध्ये आयोगाने निकाल दिला तो विधिमंडळातील बहुमतावर. संघटनेतील बहुमत मोजण्याजोगे विश्वासार्ह कागदच समोर नव्हते. हे निकाल ज्यांना पटले नाहीत त्यांनीही या कारणाचा विचार करावा. ज्या पक्षात शाखेपासून प्रांतापर्यंत खरी निवडणूक होते, सभासदांची यादी दरवर्षी ताजी केली जाते, तो पक्ष आयोगापुढे उभा राहून सांगू शकतो, ‘आमची माणसे मोजा.’ वहीत नोंद नसेल तर ठेवीदार कितीही खरा असला तरी बँकेचा नाइलाज असतो.

आपल्याच मातीत याआधी काय घडले ते पाहू. काँग्रेसमधील शेतकऱ्यांच्या बाजूच्या मंडळींनी 1947-48 च्या सुमारास शेतकरी कामगार पक्ष उभा केला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, क्रांतिसिंह नाना पाटील, तुळशीदास जाधव, दत्ता देशमुख, एकेक नाव केवढे! सत्यशोधक चळवळीची पुण्याई पाठीशी होती. 1950 साली दाभाडीला पक्षाने मार्क्सवादी प्रबंध स्वीकारला. पुढे वाद वाढले आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर नाना पाटील, दत्ता देशमुख बाहेर पडले; त्यांनी कामगार किसान पक्ष काढला. 1952 मध्ये मुंबई विधानसभेच्या 315 जागांपैकी काँग्रेसने 269 घेतल्या, शेकापला चौदा मिळाल्या. सोलापूरने मात्र शंकरराव मोऱ्यांना लोकसभेवर पाठवले. तेव्हाही राज्यात पराभव आणि सोलापुरात विजय!

पुढे या पक्षाच्या तीन वाटा झाल्या. जेधे, मोरे, जाधव काँग्रेसमध्ये परतले. सत्तेबाहेर राहून शेतकऱ्याचे काय भले होणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आणि यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने पुढे अशा अनेकांना जागा करून दिली. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले आणि 1957 मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. तिसरी वाट धरणारे आहे तेथेच राहिले. संस्थापक निघून गेलेल्या त्या पक्षाने संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत 1957 साली विधानसभेच्या 31 जागा जिंकल्या. लाट ओसरली आणि 1962 मध्ये त्या पंधरावर आल्या. परंतु त्याच 1962 मध्ये सांगोल्यातून गणपतराव देशमुख नावाचे तरुण वकील प्रथम निवडून आले.

अकलूजहून वेळापूर, महूद करीत सांगोल्याला जावे. निरेच्या कालव्यावरचा ऊस मागे पडत जातो आणि माळ सुरू होतो. या माळावर आबासाहेब अकरा वेळा आमदार झाले. 1972 आणि 1995 साली ते हरलेही. पण पक्ष बदलला नाही. सूतगिरणी चालवली, आणि नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत कृष्णेच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. म्हणजे पाण्याचे देणे त्यांनी आपल्या खात्यावर ठेवून घेतले. 30 जुलै 2021 रोजी ते गेले. त्याआधी 2019 मध्ये त्यांच्या नातवाचा 768 मतांनी पराभव झाला होता आणि सांगोल्याचे नवे आमदार 2022 च्या फुटीत गुवाहाटीच्या झाडी-डोंगारामुळे महाराष्ट्रभर गाजले. शेकाप संपला, असे तेव्हा सगळे म्हणाले. 2024 मध्ये त्या पक्षाचा राज्यात एकच उमेदवार निवडून आला. तो सांगोल्यातून, आबासाहेबांचे दुसरे नातू.

यावर कोणी म्हणेल, सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर एक आमदार, आणि तोही नातूच! हे कसले यश? आक्षेप बरोबर आहे. निष्ठेने एक तालुका टिकला, पण पक्ष वाढला नाही. ज्या तालुक्यात कोणी असे ठाण मांडून बसले नाही, तेथे शेकापची आठवण तेवढी उरली. आणि घराण्यावर टिकलेली निष्ठा किती पिढ्या पुरते, हा प्रश्न सांगोल्याला आहे तसा आम्हा अकलूजकरांनाही आहे. येथील मोहिते-पाटील घराणे 1999 मध्ये काँग्रेसमधून राष्ट्रवादीत, 2019 मध्ये भाजपच्या बाजूला आणि 2024 मध्ये पुन्हा पवारांकडे गेले. तालुक्यातील बरीच मते त्या त्या वेळी सोबत गेली. अशा ठिकाणी जिंकलेली जागा पक्षाची की घराची, हे पक्षाने स्वतःला विचारलेले बरे. दहांतल्या चार जागा आमच्याकडच्या, म्हणून येथे पक्ष भक्कम आहे, असा अर्थ काढणे घाईचे होईल.

या सगळ्यात भरडला जातो तो साधा कार्यकर्ता. फूट मुंबईत पडते, पण भाऊबंदकी वाडीवर येते. लग्नपत्रिकेत कोणाचे नाव आधी घालायचे यावरून सोयरीक अडते. पतसंस्थेत, दूध संघात, बाजार समितीत शेजारी बसणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. पुढे वरचे नेते एकत्र येतात, एका व्यासपीठावर हसतात. खालच्यांना मात्र पुन्हा चहाला बोलवायला दहा वर्षे लागतात. हे देणे तर कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

हरलेल्या, फुटलेल्या पक्षाचे भवितव्य म्हणूनच नेत्यांच्या बैठकीवर किंवा विलीनीकरणाच्या बातम्यांवर ठरणार नाही. एक होणे किंवा वेगळे राहणे, दोन्ही चालेल. दोन तोट्यातली दुकाने एकत्र केल्याने नफ्याचे दुकान होत नाही, एवढे लक्षात असावे. पुढच्या वेळी कोणत्याही गटाचा माणूस आपल्या दारात आला, तर घरातल्या सर्वांनी त्याला बसवावे, चहा द्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात. तुमच्या गावशाखेची सभासद-यादी आहे का? तिचा अध्यक्ष मतदानाने निवडला, की वरून चिठ्ठी आली? आणि फुटण्याआधी दिलेल्या शब्दांपैकी कोणता शब्द तुम्ही तुमच्या नावावर लिहून घेतला आहे?

तिसऱ्या प्रश्नाला जो सरळ उत्तर देईल, त्याच्या पक्षाला पुढे वाट आहे असे समजावे. मग त्याचे चिन्ह कोणते का असेना.