पगार काढणाऱ्याची पात्रता

महिन्याचा पगार हाती पडला की तो पुरेसा आहे की नाही, याची चर्चा घरोघरी होते. तो बरोबर काढला गेला आहे की नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. शाळेच्या कार्यालयात किंवा कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसलेला एखादा लिपिक पगारपत्रक तयार करतो आणि आपण त्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. मोटार चालविणाऱ्यास परवाना लागतो, औषध विकणाऱ्यास पदविका लागते, लिपिकाच्या जागेसाठी टंकलेखनाचे प्रमाणपत्रही मागितले जाते. परंतु शेकडो कुटुंबांच्या मिळकतीचा हिशेब ज्याच्या हाती सोपवावयाचा, त्यास तो हिशेब येतो काय, हे पाहणारी पात्रता आपल्याकडे कायद्याने सांगितलेली नाही.

हा हिशेब म्हणजे केवळ बेरीज-वजाबाकी, असे समजणाऱ्यांनी एक साधे पगारपत्रक उघडून पाहावे. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आलेला व्यवसाय कर अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जातो. स्त्री-कर्मचाऱ्यांसाठी त्याची माफीमर्यादा २०२३ साली २५ हजार रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. प्राप्तिकराच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याच बदलली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम आता वेतनातच धरावयाची आहे. त्याचा परिणाम उपदानावर होतो. दहा वर्षांपूर्वी जो या विषयात निष्णात होता, तो आज केवळ जुन्या ज्ञानाच्या बळावर पगारपत्रक काढू लागला, तर चूक अटळ आहे.

ही चूक भोगतो कोण? वेतननिश्चितीत एक वेतनवाढ चुकून अधिक दिली गेली, तर ती चूक सेवापुस्तकात वर्षानुवर्षे निमूट पडून राहते आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर, निवृत्तिवेतनाची प्रकरणे तपासली जात असता, अकस्मात वर येते. मग वसुलीचा आदेश निघतो. ज्या शिक्षकाने ती रक्कम मुलांच्या शिक्षणात केव्हाच खर्च केली, त्याने ती परत कोठून आणावी? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, तसेच निवृत्त झालेले वा वर्षभरात निवृत्त होणारे, यांच्याकडून अशी वसुली करता येणार नाही, असे स्पष्ट केले. हा मोठाच दिलासा होय. तथापि वेतननिश्चितीच्या वेळी वसुलीस संमती देणारे हमीपत्र लिहून घेण्याची प्रथा आहे आणि २०१६ च्या एका निर्णयात न्यायालयाने अशा हमीपत्राचे बंधन मान्यही केले. म्हणजे चूक एकाची, हमीपत्र दुसऱ्याचे! न्यायालयाचा उपाय चूक झाल्यानंतरचा आहे. चूक होऊच नये, याची व्यवस्था कोठे आहे?

इतर देशांनी ती आपापल्या परीने केली आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये स्थापन झालेली पगारविषयक काम करणाऱ्यांची एक राष्ट्रीय संघटना दोन पायऱ्यांच्या परीक्षा घेते. पहिली नवशिक्यांसाठी आहे. ‘सर्टिफाइड पेरोल प्रोफेशनल’ या दुसऱ्या परीक्षेस बसण्यासाठी सर्वसाधारणपणे मागील पाच वर्षांत तीन वर्षे प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते. परंतु या योजनेचे खरे मर्म परीक्षेत नसून पुढे आहे. हे प्रमाणपत्र पाच वर्षांनी संपते. त्या अवधीत १२० तासांचे मान्यताप्राप्त शिक्षण घ्यावे, अथवा पुन्हा परीक्षेस बसावे, असा नियम आहे. आपण मिळविलेली पदवी आयुष्यभर भिंतीवर टांगतो. तेथे ज्ञानालाही मुदत असते, हे मान्य केले गेले आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आता सारे संगणकच करतो, मग लिपिकाच्या ज्ञानाची मातब्बरी काय? त्यांनी कॅनडाचा अनुभव पाहावा. तेथील केंद्र शासनाने ‘फिनिक्स’ नावाची संगणकीय वेतनप्रणाली २०१६ च्या प्रारंभी सुरू केली. तत्पूर्वी ४६ खात्यांतील सुमारे १,२०० वेतन-सल्लागारांची पदे रद्द करून त्यांच्या जागी एका केंद्रात अवघे ४६० सल्लागार नेमले. जून २०१७ अखेर दीड लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या वेतनातील चुका दुरुस्तीची वाट पाहत होत्या आणि चुकीच्या वा न दिलेल्या रकमांचा आकडा ५२ कोटी डॉलरांवर गेला होता. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. ज्यांना नियमांतील खाचाखोचा ठाऊक होत्या, त्यांनाच आधी घरी पाठविण्यात आले होते. यंत्र हिशेब जलद करते, त्याचप्रमाणे चूकही जलद करते. ती ओळखण्यास जाणता माणूसच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रमाणपत्र आले की शिकवणी वर्गांचा बाजार आला, आणि त्याचा भुर्दंड तुटपुंज्या पगाराच्या कारकुनावर पडणार. ही भीती निराधार नाही. म्हणूनच अशा पात्रतेची आखणी करताना तीन पथ्ये पाळली पाहिजेत. अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठांसारख्या सार्वजनिक संस्थांच्या हाती, अल्प शुल्कात असाव्यात. नूतनीकरणाचे शिक्षण कामाच्या वेळात आणि मालकाच्या खर्चाने व्हावे, कारण अचूक पगार देणे हे मुळात मालकाचे कर्तव्य आहे. आणि आज जे हे काम करीत आहेत, त्यांच्या नोकरीवर गदा न आणता अनुभवाच्या आधारे त्यांना प्रवेश द्यावा. नूतनीकरणातून मात्र कोणासही सूट नसावी. शासकीय सेवेत लेखाविषयक विभागीय परीक्षा पूर्वीपासून आहेत, पण एकदा उत्तीर्ण झालेल्यास पुन्हा कोणी विचारीत नाही. उणीव नेमकी तेथेच आहे.

यात लिपिकाचाही लाभ आहे. आज पगार वेळेवर झाला तर त्याचे नाव कोणी घेत नाही आणि चुकला तर साऱ्यांची बोटे त्याच्याकडे वळतात. मान्यताप्राप्त पात्रता त्यास वेतनवाढ मागण्याचा आधार देईल, आणि वरिष्ठाने नियमबाह्य कपात करण्यास सांगितले तर ‘हे कायद्यात बसत नाही’ असे म्हणण्याचे बळही देईल. आपल्या तरुण पदवीधरांनाही या कामात एक प्रतिष्ठित व्यवसाय दिसू लागेल.

श्रमाचा मोबदला किती असावा, यावर आपल्याकडे पुष्कळ लढे झाले आणि ते योग्यच होते. परंतु झगडून मिळविलेली वाढ अखेर एका पगारपत्रकातूनच घरी येते. ते पत्रक लिहिणारा हात जाणता असावा, ही मागणी आता संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घातली पाहिजे.