दोन तासांची मुदत

रात्री साडेबाराला आमचा फोन वाजला. बदलापूरहून एका माजी विद्यार्थ्याची अम्मी रडत होती. मुलगा मित्रांबरोबर अंबरनाथला जेवायला गेला होता. परतताना नाकाबंदीत त्याला यंत्रात फुंकायला लावले आणि ठाण्यात नेले. शेजारी म्हणत होते, "ओळख काढा, रक्ताचं काहीतरी करता येतं." तिने विचारले, "सर, काय करू?"

हा विषय निघाला की आपण म्हणतो, आपल्या घरात दारू हरामच आहे. खरे आहे. पण मुले घराबाहेरही वाढतात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूबरोबर इतर नशाही येते. तेव्हा कायदा प्रत्येक घराला माहीत हवा.

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर तो गुन्हा. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. मात्र अटकेपासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे, नाहीतर कोठडीतून सोडावे लागते. तपासणीला विनाकारण नकार दिला, तर तो नकारच विरोधात जाऊ शकतो. अटकेची खबर घरच्यांना देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा जामीनपात्र आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिक्षा ठरवते ते न्यायालय.

आणि रक्ताचे 'काहीतरी'? १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मुलाऐवजी स्वतःचे रक्त दिल्याच्या आरोपावरून त्याच्या आईलाही.

आम्ही एवढेच सांगितले, "त्याच्या अब्बांना घेऊन जा. अटक किती वाजता झाली, तपासणी किती वाजता झाली, ते विचारा, लिहून घ्या. जामीन मागा. रक्ताला हात लावू नका."

तपासणी वेळेत झाली होती आणि अहवाल मुलाच्या विरोधात होता. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला. महिनाभराने अम्मी भेटल्या. म्हणाल्या, "अब्बा अजून त्याच्याशी बोलत नाहीत."

आम्ही म्हणालो, "शिक्षा न्यायालयाने दिली आहे. आता घरच्यांनी बोलायला हवे. त्या रात्री रस्त्यावर कुणाचा जीव गेला नाही, ही अल्लाहची मेहेरबानी. पुढची काळजी आपली."